लघुग्रहांच्या पृष्ठभागाचा अवरक्त वेध

(रायपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठीभाषक विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



छत्तीसगडच्या मैदानातील शेतकरी जमिनीची प्रत तिच्या रंगावरून आणि पोतावरून ओळखतो. लालसर, मुरमाड आणि पाणी न धरणारी ती भाटा. पिवळसर ती मटासी. काळी, चिकट आणि ओल टिकवून ठेवणारी ती कन्हार. आणि मटासी व कन्हार यांच्या मधली ती डोरसा. मराठी मुलखातील शेतकरी काळी, बरड आणि मुरमाड असा भेद करतो, त्याच जातीचा हा भेद होय. प्रयोगशाळेत न जाता, केवळ परतून आलेल्या प्रकाशावरून मातीविषयी अंदाज बांधण्याची ही रीत जुनी आहे. लघुग्रहांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मुळात हेच करतात. फरक इतकाच, की त्यांची जमीन कोट्यवधी किलोमीटर दूर असते आणि तिच्याकडे पाहण्यासाठी माणसाचा डोळा अपुरा पडतो.

डोळा अपुरा का पडतो, हे आधी पाहिले पाहिजे. मानवी डोळ्यास सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खडक घडविणाऱ्या बहुतेक प्रमुख खनिजांच्या ठळक खुणा या मर्यादेच्या पलीकडे, तांबड्या रंगाच्याही पुढे, अवरक्त विभागात असतात. दिवसाच्या उजेडात दोन खडक सारखेच राखाडी दिसत असले, तरी अवरक्त प्रकाशात त्यांची जात वेगळी असल्याचे स्पष्ट होते.

इतिहासातील एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून आलेल्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तापमापके ठेवली आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथेही, पारा चढत असल्याचे त्यांना आढळले. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. त्यानंतर १ जानेवारी १८०१ रोजी जुझेप्पे पियाझी यांनी सिसिलीतील पालेर्मो येथून सेरेस हा पहिला लघुग्रह पाहिला. या नव्या वस्तूंसाठी ‘ॲस्टेरॉइड’ हा शब्द १८०२ साली सुचविणारेही हर्शेलच. मात्र त्यांच्या या दोन कामांची गाठ पडण्यास जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

काटोलचा दगड

या विषयाची भारतातील आणि विशेषतः मराठी मुलखातील सर्वांत जवळची साक्ष रायपूरहून फार दूर नाही. नागपूर जिल्ह्यातील काटोल या तालुक्याच्या गावी आणि त्याच्या परिसरात २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास आकाशातून दगडांचा वर्षाव झाला. किमान ३० तुकडे सापडल्याची नोंद आहे. भारतात पडलेल्या अशनींचा संग्रह व अभ्यास करण्याची जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि या संस्थेचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय नागपुरातच असल्याने नमुने लवकर हाती आले.

परीक्षेच्या दृष्टीने तीन शब्दांतील भेद येथेच पक्का करावा. अवकाशात सूर्याभोवती फिरणारा खडकाळ पिंड तो लघुग्रह. वातावरणात शिरल्यावर जळताना दिसणारी प्रकाशरेषा ती उल्का. आणि जमिनीवर प्रत्यक्ष पोहोचलेला दगड तो अशनी. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि तेथेच गुण जातात.

काटोलचा अशनी ‘एल ६’ या वर्गातील कॉन्ड्राइट ठरला. ‘एल’ म्हणजे एकूण लोहाचे प्रमाण कमी असलेला गट. लोह जास्त असलेला गट ‘एच’, तर लोह आणि त्यातही धातुरूप लोह अगदी कमी असलेला गट ‘एलएल’. सहा हा आकडा मूळ पिंडाच्या पोटात तो खडक किती तापला होता ते सांगतो. सहाव्या श्रेणीत खडकातील मूळचे गोल कण पुन्हा स्फटिकीभवन झाल्याने पुसट झालेले असतात. पुढे २०२१ साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह याच दगडात ब्रिजमनाइट हे खनिज असल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात हे खनिज विपुल आहे, परंतु ते शेकडो किलोमीटर खोलीवरील दाबाखालीच तयार होते. लघुग्रहासारख्या लहान पिंडात असा दाब केवळ प्रचंड टकरीतूनच निर्माण होऊ शकतो. काटोलच्या दगडाने अशी एक टक्कर सोसलेली आहे.

ती टक्कर कोठे झाली आणि हा दगड मूळचा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत दगड फोडून मिळत नाही. त्यासाठी दुर्बिणीकडे वळावे लागते.

प्रकाशाचा पाढा

लघुग्रहाला स्वतःचा दृश्य प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा काही भाग तो परत पाठवतो आणि उरलेला शोषून घेतो. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जाईल, हे पृष्ठभागावरील खनिजांवर अवलंबून असते. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही खडकांतील अत्यंत सामान्य सिलिकेट खनिजे होत. त्यांच्या स्फटिकात द्विसंयुजी लोहाचे आयन अडकलेले असतात आणि ते विशिष्ट ऊर्जेचाच प्रकाश गिळतात. ऑलिव्हिनच्या वर्णपटात १ मायक्रोमीटरच्या किंचित पुढे एक रुंद दरी दिसते. पायरॉक्सिन ०.९ मायक्रोमीटरच्या आसपास एक आणि २ मायक्रोमीटरच्या आसपास दुसरी, अशा दोन दऱ्या दाखवते. त्यात लोह आणि कॅल्शियम वाढले की या दऱ्या लांब तरंगलांबीकडे सरकतात. या दऱ्यांना शोषणपट्टे म्हणतात. पट्ट्याची जागा खनिज सांगते, त्याचा सरकलेला मध्य त्या खनिजाची रासायनिक घडण सांगतो आणि दोन पट्ट्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ऑलिव्हिन व पायरॉक्सिन यांचे परस्परप्रमाण सांगते.

छत्तीसगडच्या विद्यार्थ्याला हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बैलाडिला आणि दल्ली-राजहरा येथील हेमेटाइट हे लोहखनिज अवरक्ताच्या उंबरठ्यावर, ०.८६ मायक्रोमीटरच्या आसपास, आपला पट्टा दाखवते. परंतु त्याच खनिजापासून भिलाईत तयार झालेल्या लोखंडी रुळाचा वर्णपट घेतला तर त्यात असा पट्टा दिसणार नाही. धातुरूप लोहाला ठळक शोषणपट्टा नसतो. त्याचा आलेख एखाद्या कलत्या, सपाट रेषेसारखा असतो. सायकी या लघुग्रहात धातूचे प्रमाण मोठे असावे, असा अंदाज ज्या पुराव्यांवरून बांधला गेला, त्यांत रडारच्या मोजमापाबरोबर हा जवळजवळ सपाट आलेखही होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेले अमेरिकेचे सायकी यान तेथे २०२९ साली पोहोचणे अपेक्षित आहे.

पट्टा नसणे म्हणजे मात्र दरवेळी धातू असणे नव्हे, आणि येथे घाईने निष्कर्ष काढणारा फसतो. गुजरातमधील दियोदर परिसरात १७ ऑगस्ट २०२२ रोजी पडलेला अशनी ऑब्राइट या दुर्मीळ वर्गातील आहे. त्यात मुख्यत्वे एन्स्टटाइट हे पायरॉक्सिन असते, परंतु त्याच्या स्फटिकात लोह जवळजवळ नसतेच. लोह नाही म्हणून १ मायक्रोमीटरचा पट्टाही नाही. असा लघुग्रह धातूच्या लघुग्रहाइतकाच सपाट वर्णपट देईल. भेद करायचा तो त्याच्या चकाकीवरून, कारण ऑब्राइटसदृश पृष्ठभाग बराच उजळ असतो.

प्रत्यक्ष मापनाची रीत थोडक्यात अशी. दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश वर्णपटमापकात विखुरला जातो आणि अतिशीत ठेवलेल्या संवेदकावर पडतो. खोलीच्या तापमानाला उपकरण स्वतःच अवरक्त किरण फेकत असल्याने ही थंडी अनिवार्य ठरते. मिळालेल्या नोंदीला सूर्यासारख्या एखाद्या ताऱ्याच्या नोंदीने भागले जाते. या भागाकारामुळे सूर्याचा हिस्सा आणि वातावरणाचा बराचसा हिस्सा निघून जातो आणि खाली उरतो तो लघुग्रहाचा स्वतःचा हिस्सा.

तरीही वातावरण पूर्णपणे सोडत नाही. हवेतील पाण्याची वाफ १.४ आणि १.९ मायक्रोमीटरच्या आसपास बराच प्रकाश अडवते आणि २.५ ते २.९ मायक्रोमीटर हा पट्टा तर जमिनीवरून जवळजवळ बंदच असतो. म्हणूनच अवरक्त दुर्बिणी उंच व कोरड्या जागी उभारल्या जातात. भारतात लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे; राजस्थानात गुरुशिखर येथे भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेची वेधशाळा आहे; आणि उत्तराखंडातील देवस्थळ येथे २०१६ साली कार्यान्वित झालेल्या ३.६ मीटर दुर्बिणीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने ‘टॅनस्पेक’ हा वर्णपटमापक बसविण्यात आला. त्याची मर्यादा ०.५५ ते २.५ मायक्रोमीटर आहे, म्हणजे वर सांगितलेले दोन्ही मुख्य पट्टे तिच्यात येतात. पुण्याजवळील गिरवली येथील आयुकाची २ मीटर दुर्बीण दृश्य प्रकाशावर भर देणारी आहे. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात भौतिकशास्त्राबरोबर खगोलभौतिकीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, ही गोष्ट शहरातील विज्ञान पदवीधरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

व्हेस्टापासून काटोलपर्यंत

दुर्बिणीतून पाहिलेला लघुग्रह आणि हातातील अशनी यांची पहिली खात्रीलायक जुळणी १९७० साली झाली. टॉमस मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेस्टाच्या वर्णपटात ०.९ मायक्रोमीटरच्या जवळ पायरॉक्सिनचा पट्टा ओळखला आणि तो बेसाल्टसदृश अशनींशी जुळत असल्याचे दाखविले. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. महाराष्ट्रातील सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्याचे बनले आहे तोच काळा कातळ. सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या एका लहान पिंडावर कधी काळी लाव्हा वाहिला होता, हा निष्कर्ष त्या काळी धाडसाचाच होता. डॉन यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात व्हेस्टाभोवती फिरले आणि त्यावरील अवरक्त वर्णपटमापकाने चार दशकांपूर्वीचे ते वाचन खरे ठरविले.

यानंतरचे कोडे मात्र चांगलेच चिवट निघाले. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सुमारे ८० टक्के काटोलसारखे सामान्य कॉन्ड्राइट असतात. ते ज्या लघुग्रहांपासून येतात त्यांचे वर्णपट त्यांच्यासारखेच असले पाहिजेत. परंतु मुख्य पट्ट्यातील ‘एस’ वर्गाचे लघुग्रह या अशनींपेक्षा अधिक तांबडे आणि त्यांचे शोषणपट्टे अधिक उथळ दिसत. सर्वांत सामान्य अशनीचे उगमस्थानच सापडू नये, ही अवस्था अनेक वर्षे टिकली.

उत्तर सापडले ते पृष्ठभागाच्या झिजेत. वातावरण नसलेल्या पिंडावर सौरवाऱ्यातील कण आणि सूक्ष्म उल्का यांचा अखंड मारा होतो. त्यामुळे कणांच्या बाह्य आवरणात अतिसूक्ष्म धातुरूप लोह साचते आणि तेच वर्णपट तांबूस व पुसट करते. जपानी संशोधकांनी ऑलिव्हिनवर लेझरचे स्पंद मारून प्रयोगशाळेत हा परिणाम घडवून दाखविला आणि तो २००१ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रिचर्ड बिन्झेल आणि सहकाऱ्यांनी इतोकावा या लघुग्रहाचा अवरक्त वर्णपट तपासून तो झिजलेला ‘एलएल’ कॉन्ड्राइट असावा, असे लेखी भाकीत केले. हायाबुसा यान २००५ साली तेथे पोहोचले, अनेक बिघाडांतून कसेबसे सावरले आणि जून २०१० मध्ये दीड हजाराच्या आसपास सूक्ष्म कण घेऊन परतले. कणांचे विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. भाकीत बरोबर होते आणि कणांच्या आवरणात ते सूक्ष्म लोहही सापडले. विज्ञानात भाकीत आधी आणि पुरावा नंतर असा क्रम इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहावयास मिळतो.

काटोलच्या दगडाचे घराणे ठरायला आणखी काळ गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मायकेल मार्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त वर्णपट आणि कक्षांचे गणित यांची सांगड घालून ‘एल’ कॉन्ड्राइट अशनींचा उगम मस्सालिया या लघुग्रहाच्या कुटुंबात असल्याचे दाखविले. मस्सालिया हा १८५२ साली सापडलेला, मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातील लघुग्रह आहे. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी तेथे एक महाभयंकर टक्कर झाली. तिचा धुरळा पृथ्वीवरील त्या काळच्या चुनखडकांत आजही सापडतो. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी दुसरी टक्कर झाली आणि तिने मोकळे केलेले तुकडे आज पृथ्वीवर पडत आहेत. काटोलचा दगड याच मोठ्या गटात मोडतो. तो नेमका कोणत्या टकरीत सुटला, हे सांगण्यासाठी वर्गनिश्चिती पुरेशी नाही, त्याचे वय वेगळे मोजावे लागते. परंतु त्याच्या कुळाचा पत्ता आता कोरा राहिलेला नाही.

याच मस्सालियावर आणि आयरिस या दुसऱ्या लघुग्रहावर पाण्याचे रेणू असल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. विमानात बसविलेल्या सोफिया वेधशाळेने ६ मायक्रोमीटरच्या आसपास त्यांची खूण टिपली होती. सोफियाचे कार्य २०२२ मध्येच थांबले. निष्कर्ष जुन्या नोंदींतून निघाला.

पाण्याची खूण

पाणी आणि हायड्रॉक्सिल यांच्या खुणा २.७ ते ३.१ मायक्रोमीटर या टापूत असतात. चांद्रयान-१ ची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या त्या यानावरील ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ या अमेरिकी उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल व पाण्याचे अस्तित्व दाखविले ते याच विभागात, ३ मायक्रोमीटरच्या थोडे अलीकडे. हा निष्कर्ष सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाला. चांद्रयान-२ वरील भारतीय अवरक्त वर्णपटमापकाची मर्यादा त्यासाठीच ५ मायक्रोमीटरपर्यंत वाढविण्यात आली.

लघुग्रहांच्या बाबतीत काळपट ‘सी’ वर्ग हा पाण्याचा मुख्य साठेदार होय. जपानच्या अकारी उपग्रहाच्या नोंदींचे २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते, की पाहिलेल्या २२ ‘सी’ वर्गीय लघुग्रहांपैकी १७ जणांवर २.७ मायक्रोमीटरजवळ जलयुक्त खनिजांची खूण आढळली. ही खनिजे म्हणजे बहुधा सर्पेंटाइनसारख्या चिकणमातीच्या जातीची असतात. ऑलिव्हिनला पाणी लागले की त्याचे सर्पेंटाइन होते. गरियाबंद जिल्ह्यातील मैनपूर परिसर हिऱ्यांच्या किंबर्लाइट खडकासाठी ओळखला जातो आणि किंबर्लाइटमध्ये हाच बदल खडकाच्या पोटात घडलेला असतो. जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे ६ जून २०१७ रोजी पडलेला कार्बनयुक्त अशनी, वर्ग ‘सीएम २’, अशाच जलयुक्त खनिजांचा आहे. मैनपूरचे रसायन आणि मुकुंदपुऱ्याचे रसायन यांत दाब, तापमान आणि काळ यांचे अंतर प्रचंड असले तरी पाणी आणि ऑलिव्हिन यांची भेट दोन्हीकडे समान आहे.

क्षारांचे प्रकरण याहूनही रंजक आहे. डॉन यान मार्च २०१५ मध्ये सेरेसपाशी पोहोचले. तेथील ऑकेटर विवरातील झगझगीत पांढरे डाग कशाचे, यावर बरेच तर्क झाले. बर्फ हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय होता. अवरक्त वर्णपटमापकाने २०१६ साली निर्णय दिला की ते मुख्यतः सोडियम कार्बोनेट आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याने वर येऊन, आटून मागे ठेवलेला सोडाक्षार. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरात हीच क्रिया डोळ्यांसमोर घडते. अवकाशातून आलेल्या पिंडाच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात साचलेले पाणी अल्कधर्मी आहे आणि ते आटले की काठावर पापडखाराच्या जातीचे क्षार उरतात. पूर्वी ते काढून विकलेही जात. त्या क्षारांपैकी ट्रोना हे खनिज बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यात सापडल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. बेन्नूच्या मूळ पिंडात कधी काळी खारे पाणी होते आणि ते हळूहळू आटत गेले, याचा हा पुरावा आहे. लोणारला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे परीक्षार्थींना पाठ असते. त्या सरोवराच्या काठावरील पांढऱ्या पापुद्र्याचे हे आकाशातील नाते मात्र सहसा कोणी सांगत नाही.

वाचन चुकते तेव्हा

येथवरच्या विवेचनावरून ही पद्धती अचूक असल्याचा समज होऊ नये. २०२५ अखेरपर्यंत ज्यांचे नमुने प्रत्यक्ष पृथ्वीवर आले असे लघुग्रह तीनच: इतोकावा, र्‍यूगू आणि बेन्नू. या तिघांपैकी दोघांनी दूरवरून केलेले वाचन सुधारावयास लावले.

हायाबुसा-२ यान जून २०१८ मध्ये र्‍यूगूपाशी पोहोचले तेव्हा त्याच्या अवरक्त वर्णपटमापकाला २.७२ मायक्रोमीटरवर हायड्रॉक्सिलचा पट्टा मिळाला, परंतु तो अगदी क्षीण होता. यावरून र्‍यूगूचा खडक पूर्वी तापून बराचसा कोरडा झाला असावा, असा अर्थ लावण्यात आला. ६ डिसेंबर २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे सुमारे ५.४ ग्रॅम नमुना उतरला. त्यात जलयुक्त चिकणमाती भरपूर होती आणि त्याचे साम्य अत्यंत आदिम अशा ‘सीआय’ अशनींशी निघाले. सौरवारा आणि सूक्ष्म उल्का यांनी केवळ अगदी वरचा पातळ थर कोरडा केला होता आणि वर्णपटमापकाने प्रामाणिकपणे तेवढाच थर वाचला होता. शेताचा वरचा पापुद्रा सुकला म्हणून खालची कन्हार कोरडी ठरत नाही. अवरक्त प्रकाश पृष्ठभागात फारच थोडा शिरतो, ही या पद्धतीची अंगभूत मर्यादा आहे.

बेन्नूची गोष्ट वेगळ्या अवरक्त विभागातील आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असल्याने त्याचा प्रकाश ०.५ मायक्रोमीटरजवळ सर्वाधिक असतो. पृथ्वीजवळील लघुग्रह साधारण ३०० केल्विनच्या आसपास तापतो आणि स्वतः १० मायक्रोमीटरच्या आसपास उष्णता फेकतो. ही उष्णता दिवस-रात्र कशी बदलते यावरून पृष्ठभागाचे औष्णिक जडत्व काढता येते. बारीक धूळ पटकन तापते आणि पटकन निवते. कातळ उष्णता धरून ठेवतो. मोहिमेपूर्वीच्या मोजमापांत बेन्नूचे जडत्व कमी आले आणि त्याचा पृष्ठभाग बारीक खडीचा, सपाट असेल अशी अपेक्षा ठेवून नमुना घेण्याची जागा पन्नास मीटर व्यासाची असावी असे ठरले. डिसेंबर २०१८ मध्ये ओसायरिस-रेक्स यान पोहोचले तेव्हा समोर दिसले ते शिळांनी खच्चून भरलेले रान. शिळा होत्या, परंतु सच्छिद्र आणि ठिसूळ. म्हणून त्यांचे जडत्व कमी. मोजमाप बरोबर, अर्थ चुकीचा. अखेर त्याहून बऱ्याच लहान मोकळ्या जागेत यानाला २० ऑक्टोबर २०२० रोजी उतरवावे लागले आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी १२१.६ ग्रॅम नमुना अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात पोहोचला.

आकार, वजन आणि संरक्षण

औष्णिक अवरक्ताचा व्यावहारिक उपयोग सर्वाधिक आहे तो लघुग्रहाचा आकार ठरविण्यात. दुर्बिणीत दिसणारी चकाकी दोन गोष्टींवर अवलंबून असते, आकारावर आणि पृष्ठभागाच्या उजळपणावर. समान चकाकीच्या दोन लघुग्रहांपैकी एक पडणाऱ्या प्रकाशाचा ५ टक्के आणि दुसरा २५ टक्के भाग परत पाठवीत असेल, तर काळपट लघुग्रहाचा व्यास उजळ लघुग्रहाच्या सुमारे २.२ पट आणि आकारमान तब्बल ११ पट असते. आघाताची ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नुसत्या दृश्य प्रकाशावर विसंबल्यास संकटाच्या अंदाजात दहापटीहून अधिक चूक राहू शकते. काळा पिंड प्रकाश कमी परतवतो, पण तितकाच अधिक तापतो. म्हणून दृश्य आणि औष्णिक मोजमापे एकत्र केली की आकार व उजळपणा वेगवेगळे काढता येतात.

याची कसोटी २०२५ साली लागली. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला आणि २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. एवढ्या आकाराच्या पिंडासाठी नोंदला गेलेला हा सर्वाधिक आकडा होता. संभाव्य आघाताची चिंचोळी पट्टी प्रशांत महासागराच्या पूर्व भागापासून आफ्रिकेवरून दक्षिण आशियापर्यंत येत होती. तेव्हा हा प्रश्न भारताच्या दृष्टीने केवळ वर्तमानपत्री कुतूहलाचा नव्हता. दृश्य प्रकाशावरून व्यास ४० ते ९० मीटर यांच्या दरम्यान असावा, इतकेच सांगता येत होते. ४० मीटर आणि ९० मीटर यांच्या आघातात एका शहराचे आणि एका जिल्ह्याचे अंतर पडू शकते. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने त्याची उष्णता टिपली आणि व्यास सुमारे ६० मीटर असल्याचे ठरविले. त्याच मोजमापावरून त्याच्या पृष्ठभागावर बारीक वाळूचा थर नसावा, हेही सुचले. तोवर कक्षेचे गणित पक्के होऊन पृथ्वीला असलेला धोका निकाली निघाला होता.

लघुग्रह ढकलायचा ठरला, तरी तो कशाचा बनला आहे हा प्रश्न प्रथम येतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान डायमॉर्फोसवर आदळविण्यात आले आणि त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. धडकेचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा होता, कारण उडालेल्या ढिगाऱ्याने उलट दिशेने दिलेला रेटा त्यात मिळाला. सच्छिद्र आणि काळपट पिंडाने किंवा धातूच्या गोळ्याने तोच धक्का निराळ्या प्रकारे पचविला असता. ज्ञात लघुग्रहांची संख्या चौदा लाखांच्या पुढे गेली आहे आणि प्रत्येकाकडे यान धाडणे शक्य नाही. वाइज उपग्रहाने व त्याच्या निओवाइज या पुढील मोहिमेने दीड लाखाहून अधिक लघुग्रहांचे आकार उष्णतेवरून काढले. ती मोहीम ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. मार्च २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेली स्फिअरएक्स दुर्बीण ०.७५ ते ५ मायक्रोमीटर या पट्ट्यात संपूर्ण आकाशाची नोंद घेते. तिच्या नोंदींत लघुग्रहही आपोआप येतात.

वर्णपटाच्या एका ताज्या वाचनाची परीक्षा अद्याप व्हायची आहे. पृथ्वीच्या आगेमागे सूर्याभोवती फिरणारा कामोओआलेवा हा सुमारे ५० मीटरचा पिंड २०२१ साली तपासला गेला, तेव्हा त्याचा अवरक्त आलेख ज्ञात लघुग्रहांपेक्षा चंद्रावरील झिजलेल्या खडकाशी अधिक जुळला. हा लघुग्रह नसून आघाताने उडालेला चंद्राचाच तुकडा असावा, असे तेव्हापासून मानले जाते, आणि पुढे २०२४ साली चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे जिओर्दानो ब्रुनो हे विवर त्याचे संभाव्य जन्मस्थान म्हणून पुढे आले. चीनचे थ्यानवेन-२ यान २९ मे २०२५ रोजी त्याच्याकडे निघाले. नियोजनानुसार त्याची कुपी २०२७ च्या अखेरीस पृथ्वीवर परतेल आणि तो दगड चंद्राचा की मुख्य पट्ट्याचा, हे त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून ठरेल.